मुलीला फ्रेंच: आधी लांडगा, मग चिऊताई, वही सगळ्यात शेवटी

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. लेक साडेपाच वर्षांची, नाशिकमध्ये वाढलेली. नवऱ्याला मॉन्ट्रियलला नोकरी लागलीय, उन्हाळ्यात सगळे निघणार. तुमचं स्वतःचं फ्रेंच ए-टूपर्यंत, म्हणजे प्राथमिक पातळीपर्यंत झालंय. क्लासमधून मुलीला मुळाक्षरं, एक ते शंभर आकडे आणि क्रियापदांचे तक्ते दिलेत, आणि तक्ता दिसला की ती पलंगाखाली जाऊन बसते. गाणी-खेळ-गोष्टींतून खरंच भाषा येते की तो नुसता टाइमपास, तुमचे चुकीचे उच्चार तिच्या तोंडी बसतील का, आणि आतापासून घरात मराठी कमी करावं का, हे तुमचे तीन मुख्य प्रश्न.

मी पुण्यात लहान मुलांना फ्रेंच शिकवायचे. आता मॉन्ट्रियललाच असते, आणि नव्याने आलेल्या मराठी घरांतली पोरं दर वर्षी इथल्या शाळेत जाताना बघते. तेव्हा उत्तर जरा लांबणार.

तक्ते आधी कपाटात टाका. ती जाईल ती शाळा बहुतेक फ्रेंचच असेल. १९७७च्या भाषा कायद्यापासून क्वेबेकमध्ये, म्हणजे मॉन्ट्रियल ज्या प्रांतात आहे तिथे, बाहेरून आलेल्यांच्या मुलांना, काही अपवाद सोडले तर, फ्रेंच शाळेतच घालावं लागतं. ३० सप्टेंबरला सहा पूर्ण असतील तर पहिली, पाच पूर्ण असतील तर मातेर्नेल, म्हणजे आपला मोठा शिशू. दोन्हीकडे तिला कोणी 'असणे' हे क्रियापद चालवून दाखव म्हणणार नाही. बूट काढ, डबा ठेव, रांगेत ये, टोपी कुठाय तुझी, हे कानावर पडेल. तयारी त्याची करायची.

नुसती गाणी लावून ठेवली तर भाषा येत नाही, हे स्पष्टच सांगते. मोबाइलवरचं गाणं मूल घडाघडा म्हणतं, पाहुण्यांकडून टाळ्याही मिळवतं, आणि त्यातला एक शब्द बाहेर काढून विचारला तर ढिम्म. सगळे ज्याने श्रीगणेशा करतात ते 'फ्रेर जाक' मला त्यासाठीच फारसं आवडत नाही. चाल गोड आहे, पण घडत काहीच नाही. एक साधू झोपलाय, घंटा वाजवायच्या राहिल्यात, संपलं. त्यातलं वाक्य उचलून मुलीने वापरायचं कुठे? 'आलुएत' इथे घराघरांत ठाऊक असतं, त्यात डोकं, चोच, मान, पाठ असे अवयव ओळीने येतात, म्हणून ते बरं. मात्र ते चंडोलाची पिसं उपटण्याचं गाणं आहे याचा पत्ता नसताना लाडेलाडे गाणारे आईबाप पुष्कळ पाहिलेत.

मी निवड करते ती एकाच गोष्टीवर: वाक्य तेच राहायला हवं आणि त्यातली एक जागा दर वेळी बदलायला हवी. 'सावे-वू प्लांते ले शू' घ्या. आमच्याकडे कोबी कसा लावतात, तर बोटाने, पायाने, गुडघ्याने, कोपराने, नाकाने. नाकाची पाळी आली की पोरं फरशीवर लोळतात, आणि 'आवेक ल ने' म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. मूळ कडवी संपली की कानाने लावा, पोटाने लावा. गाणं मोडलं म्हणून कोणी रागावत नाही.

पण माझा खरा लाडका खेळ लांडग्याचा, 'प्रोमनों-नू दां ले ब्वा'. एक जण दाराआड लांडगा. बाकीचे फिरत फिरत गातात की लांडगा नाहीये तोवर जंगलात हिंडून घेऊ. मग थांबून विचारतात, 'लू, इ ए-त्यू? क फे-त्यू?' लांडग्या, आहेस का? काय करतोयस? आतून उत्तर येतं, 'ज मे मा श्मीज', शर्ट घालतोय. पुन्हा फेरी, पुन्हा प्रश्न. आता विजार. आता मोजे. आता बूट. सगळं चढवून झालं की 'जारीव्ह!' (आलोच!) म्हणत लांडगा बाहेर आणि पळापळ.

घरात तिघं असलात तरी जमतं. सुरुवातीला लांडगा तुम्हीच व्हा, कारण बदलणारा शब्द लांडग्याच्या तोंडी असतो, मुलीला फक्त ठरलेला प्रश्न विचारायचाय. काही दिवसांनी 'आता मी लांडगा' म्हणून ती भांडायला लागेल, आणि वाक्य बनवायचं काम आपसूक तिच्याकडे जाईल. कपडे खरोखर घाला, हवेत हात फिरवू नका. एकदा वाक्य बसलं की कपडे बदला आणि इथले आणा: 'त्यूक' म्हणजे लोकरीची टोपी, 'मितेन' म्हणजे अंगठा सोडून बाकी बोटं एकत्र राहणारे हातमोजे, 'बॉत' म्हणजे घोट्याच्या वर येणारे बूट, 'आबी द नेज' म्हणजे अंगभर चढवायचा बर्फातला पोशाख. जानेवारीत उणे पंधरा-वीसमध्येही पोरं मधल्या सुट्टीत बाहेर जातात, आणि त्याआधी बाई वर्गभर मुलांच्या मागे 'मे ता त्यूक, मे ते मितेन' करत असतात. लांडग्याचंच क्रियापद. नाशिकच्या उन्हाळ्यात लोकरी टोपी घालून खेळावं लागेल, त्याला इलाज नाही.

आपले बरेचसे खेळ फ्रेंचमध्ये आयते सापडतात आणि त्याचा फायदा मोठा आहे, कारण नियम आधीच ठाऊक असले की मुलाचं सगळं लक्ष शब्दांवर राहतं. 'पिजों व्होल' म्हणजे हुबेहूब चिमणी उड, कावळा उड. म्हैस उडाली की डाव गेला. आंधळी कोशिंबीर आहे 'कोलँ-मायार'. आणि मामाचं पत्र तर फ्रान्सच्या शाळांच्या अंगणात जसंच्या तसं खेळतात, फक्त तिकडे पत्र मामाचं नसून पोस्टमन आलेला नसतो: 'ल फाक्तर ने पा पासे', आणि पुढे लँदी, मार्दी, मेर्क्रदी करत आठवड्याचे सगळे वार. वार पाठ करायला याहून सोपी वाट मला माहीत नाही. 'जाक आ दी', म्हणजे 'जाकने सांगितलं' तरच हात वर करायचा, हा खेळ इथे 'जां दी' या नावाने चालतो आणि लपाछपीला इथे 'काशेत' म्हणतात. फ्रान्समधले व्हिडिओ बघून शिकलात तर ही नावं वेगळी ऐकू येतील, गोंधळू नका. जेवणांचंही तसंच. पॅरिसमध्ये 'देजने' दुपारचं, इथे सकाळचं. इथलं दुपारचं ते 'दिने' आणि रात्रीचं 'सूपे'. शाळेच्या डब्याच्या बाबतीत हे आधी कळलेलं बरं.

गोष्टींसाठी महागडी चित्रमय पुस्तकं मागवायची घाई करू नका. चिऊताईची गोष्ट फ्रेंचमध्ये सांगा. मी थट्टा करत नाहीये. दार ठोठावणारा कावळा आणि आतून टाळणारी चिमणी, हा लांडग्याच्या खेळाचाच सांगाडा आहे.

'तॉक तॉक तॉक! ऊव्र ला पॉर्त!'
'आतां, ज लाव्ह मों बेबे.'
'तॉक तॉक तॉक! ऊव्र ला पॉर्त!'
'आतां, जाबीय मों बेबे.'

थांब, बाळाला न्हाऊ घालते. थांब, बाळाला कपडे घालते. मग विंचरते, मग भरवते, मग बाळ झोपलंय. तिटेला फ्रेंच शब्द शोधत बसू नका, तीट तीटच राहू द्या. मुलगी कावळा, तुम्ही चिमणी, नंतर उलट. बाहेर पाऊस पडतोय ते 'इल प्ल' ती स्वतःच भिजलेल्या आवाजात म्हणायला लागेल. भोपळ्यातल्या म्हातारीचंही असंच चालतं: वाटेत वाघ, मग कोल्हा, आणि प्रत्येकाला तेच उत्तर.

एक पथ्य पाळा. एक ओळ फ्रेंच आणि लगेच तिचं मराठी, असं करू नका. मूल हुशार असतं, ते मराठी ओळीची वाट बघत बसतं आणि फ्रेंच कानावरून जाऊ देतं. गोष्ट आधी पूर्ण मराठीत होऊ द्या (चिऊताई तर तिला येतेच), आणि दुसऱ्या दिवशी बोटांतल्या बाहुल्या घेऊन पूर्ण फ्रेंचमध्ये. मध्ये अडली तर हातवारे करा, चित्र काढा. तुम्हालाच शब्द आठवला नाही तर गोष्ट तिथे छोटी करा.

तुम्ही ला फोंतेन या फ्रेंच कवीच्या प्राणिकथांबद्दलही विचारलंय. 'कासव आणि दोन बदकं' ही त्याची कथा आपल्या पंचतंत्रातल्या बडबड्या कासवाचीच. १६७८च्या संग्रहाच्या सुरुवातीला त्याने 'पिल्पे' या भारतीय ज्ञानी पुरुषाचं ऋण मानलंही आहे. आपलं कासव लोक हसले म्हणून तोंड उघडतं. त्याचं कासव लोकांनी 'कासवांची राणी' म्हटल्यावर 'हो, आहेच मी राणी' सांगायला जातं आणि पडतं. गोष्ट जरूर सांगा, दर वळणावर 'न पार्ल पा!' (बोलू नकोस) मुलीकडून ओरडून घ्या. पण मूळ कविता पाठ करून घेऊ नका. सतराव्या शतकातलं पद्य आहे ते, साडेपाचाव्या वर्षी कशाला?

आता उच्चार. तुमच्या उच्चारांची धास्ती सोडा. शाळेत वर्षभर मुलांमध्ये राहिली की तीच तुमचे उच्चार सुधारेल, तेही चारचौघांत. तरी काही युक्त्या सांगते. 'बों', 'पँ' यांत शेवटी न किंवा म लागू द्यायचा नाही. फोनवर आपण 'हं' म्हणतो ना, तसा नाकात सुटा ठेवायचा. 'त्यू'मधल्या स्वरासाठी ओठ शिट्टीचे आणि तोंडात 'ई'. 'ज'साठी 'श्श्श' करता करता घशातून आवाज काढायला सांगा. 'र' गुळण्या करताना येतो तिथून; मुलांना हे भलतंच आवडतं. इथे आल्यावर मात्र तिला 'त्यू'च्या जागी 'त्स्यू' आणि 'मार्दी'च्या जागी 'मार्द्झी' असं काहीसं ऐकू येईल. तो क्वेबेकी उच्चार आहे, चूक नव्हे, आणि 'चमचा'तला च, 'जहाज'मधला ज जिच्या जिभेवर आहे तिला तो लगेच जमतो.

गाण्यांमध्ये एक गोम आहे. बोलताना शब्दाच्या शेवटचा जो 'अ' गिळतात, तो गाण्यात सूर भरायला पूर्ण म्हणतात. म्हणून गाण्यात 'फ्रे-र', 'व्हेर्-त' असं तोडून येतं आणि मूल बोलतानाही तसंच ओढतं. म्हणून प्रत्येक गाण्यातला एखादा तुकडा न गाता, साध्या आवाजातही खेळात येऊ द्या. आणि शब्द कधीही सुटा देऊ नका, पुल्लिंगाचा 'ल' किंवा स्त्रीलिंगाचा 'ला' लावूनच द्या. आपल्या पोरांना तीन लिंगांची सवय आहे, खुर्ची 'ती' असण्याचं त्यांना नवल वाटत नाही. फक्त चंद्र तिकडे 'ती' आहे.

लिहिणं-वाचणं आत्ता नको. 'प्ती' (म्हणजे लहान, लिहिताना petit) हा शब्द कानाने शिकलेलं मूल पुढे त्याचं स्पेलिंग निमूट स्वीकारतं. आधी अक्षरं बघितलेलं मूल 'पेटिट' म्हणतं आणि ते काढता काढता नाकी नऊ येतात.

निघण्याआधी चार वाक्यं मात्र खेळाबाहेरही पक्की करून घ्या: शू लागलीय ('ज प आले ओ त्वालेत?'), थंडी वाजतेय ('जे फ्र्वा'), इथे दुखतंय ('जे माल इसी'), मला कळलं नाही ('ज न काँप्रां पा'). बाहुलीला, टेडीला, आजीला, सगळ्यांना ही वाक्यं म्हणायला लावा. शाळेत सुरुवातीचे काही आठवडे, कधी काही महिने, ती एक शब्द बोलणार नाही अशी शक्यता आहे. नव्याने आलेल्या मुलांमध्ये हे नेहमी दिसतं. ती ऐकत असते. घरी येऊन बाहुल्यांना बाईंच्या आवाजात ओरडायला लागली की समजा गाडी सुरू झाली.

मराठी कमी करायचं मुळीच कारण नाही. फ्रेंच तिला शाळा देईल, इंग्रजी गल्लीत आणि टीव्हीवर मिळेल. मराठी फक्त तुमच्याकडे आहे. फ्रेंच खेळाची वेळ रोज ठरावीक अर्धा तास ठेवा, एखादी फ्रेंच बोलणारी बाहुली ठरवा, ती आली की फ्रेंच, ती झोपली की मराठी.

घर कुठल्या भागात मिळतंय ते कळलं की इथे लिहा. शाळा सुटल्यानंतर मुलांना सांभाळणाऱ्या 'सेर्व्हिस द गार्द'साठी नाव घालावं लागतं, त्याची माहिती तेव्हा देते.