वाघापेक्षा बुलबुलाला मोठी लेन्स लागते

प्रिय तरुण मित्रास,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. नोकरीच्या पहिल्या दीड वर्षात साठवलेले ऐंशी हजार रुपये हातात आहेत आणि त्यात वन्यजीवांच्या छायाचित्रणासाठी कोणता कॅमेरा घ्यावा, असा तुझा प्रश्न आहे. सोबत तीन नव्या कॅमेऱ्यांची नावे लिहून त्यांतला एक निवडून द्यायलाही तू सांगितले आहेस. मी त्यांतला एकही निवडत नाही. तिन्ही चांगले आहेत, पण त्यांतल्या कोणत्याही एकाच्या किमतीत तुझे जवळजवळ सगळे पैसे संपतात आणि पुढे लावायला बॉडीबरोबर (म्हणजे लेन्सशिवायच्या नुसत्या कॅमेऱ्याबरोबर) आलेली १८-५५ मि.मी.ची लेन्स तेवढी उरते; हा मि.मी.चा आकडा जितका मोठा, तितके दूरचे जवळ दिसते. घरच्या वाढदिवसाला ती लेन्स उत्तम असते. तळ्याकाठी मात्र तिच्यातून पक्षी म्हणजे पाण्यावरचा एक ठिपका. हे मी अनुभवाने लिहितो आहे, कारण माझी पहिली खरेदी याच चालीची होती आणि त्यानंतरचे संपूर्ण वर्ष मी ठिपक्यांचे फोटो काढण्यात घालवले.

ज्यावर सगळे उत्तर अवलंबून आहे ती गोष्ट तू लिहिलेलीच नाहीस. तुला नेमके कशाचे फोटो काढायचे आहेत, आणि ते जीव तुला किती अंतरावर भेटणार आहेत? कागद-पेन्सिल घेऊन बस. निकॉनच्या साध्या डीएसएलआरमध्ये (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यात) चित्र टिपणारा जो एपीएस-सी आकाराचा सेन्सर असतो त्याची रुंदी सुमारे २३.५ मि.मी. असते. ही रुंदी लेन्सच्या मि.मी.ने भागून अंतराने गुणली, की त्या अंतरावर चौकटीत किती रुंद पट्टा मावेल ते कळते. ३०० मि.मी.च्या लेन्समधून २० मीटरवरचा साधारण १ मीटर ५७ सें.मी.चा पट्टा मावतो, ५०० मधून ९४ सें.मी.चा. आता ताडोब्याच्या रस्त्यावर जिप्सीपासून २० मीटरवर वाघ आडवा उभा राहिला, तर नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत अडीच-तीन मीटर भरणारा तो प्राणी ३०० च्या चौकटीतसुद्धा मावत नाही. ६०० ची लेन्स लावून बसलेल्या माणसाला त्याचे तोंड आणि खांदा मिळतो, आणि जिप्सी पुढे गेल्यावर तो शेजाऱ्याला विचारतो की मागे बछडे होते म्हणतात ते खरे का. याउलट छोटा खंड्या चोचीसकट १७ सें.मी.चा. त्याच २० मीटरवर ३०० च्या चौकटीत तो रुंदीचा जेमतेम नववा हिस्सा व्यापतो, म्हणजे २४ मेगापिक्सेलच्या चित्रातल्या सहा हजार आडव्या पिक्सेलपैकी सुमारे साडेसहाशे. शिंजीर तर त्याहूनही लहान. सर्वांत मोठी लेन्स वाघाला लागते हा समज सफारीच्या फाटकावर दिसणाऱ्या तोफांमुळे पसरला आहे. वाघापेक्षा बुलबुलाला मोठी लेन्स लागते.

याच हिशेबाची दुसरी बाजू तुझ्या खिशाच्या फायद्याची आहे. खंड्या २० ऐवजी १० मीटरवर आला, तर ३०० च्या लेन्समध्ये तो तेराशे पिक्सेल व्यापेल, आणि २० मीटरवरून ६०० च्या लेन्समध्येही तो नेमका तेवढाच दिसेल. म्हणजे दहा मीटरचे अंतर कमी करणे हे दुप्पट लेन्स घेण्याच्या बरोबरीचे आहे. पुण्याजवळ कवडीच्या बंधाऱ्यावर खंड्या दिवसभर दोन-तीन ठरावीक जागांवरच बसतो. त्या कोणत्या हे एक सकाळ नुसते पाहून ठरवले आणि दुसऱ्या सकाळी उजाडण्यापूर्वी तिथून दहा मीटरवर मळकट रंगाच्या कपड्यांत खाली बसून राहिले, तर तो बहुधा आपणहून येतो. भिगवणला होडीतून रोहित पक्ष्यांकडे जाताना नावाड्याला बरेच आधी इंजिन बंद करून बांबूने होडी ढकलायला सांगावे, आणि थवा माना उंचावून एका दिशेने चालू लागला की तिथेच थांबावे, कारण त्यानंतर मिळतात ते उडून जाणाऱ्या पाठींचे फोटो. घरट्यांपाशी मात्र अंतर कमी करण्याचा हा उद्योग अजिबात करायचा नाही. तिथे लेन्स कितीही लांब असली तरी माणूस फार वेळ असू नये.

आता पैशांकडे येतो. लांब लेन्स महाग का असते हेही गणितच आहे. लेन्सची लांबी, म्हणजे तिचे मि.मी., भागिले तिचा एफ-आकडा म्हणजे प्रकाश आत येण्याच्या भोकाचा व्यास. ६०० मि.मी. आणि एफ ४ म्हणजे १५० मि.मी.; एवढ्या रुंद, निर्दोष काचा घडवायच्या तर किंमत दहा लाखांच्या वर जाते. तीच ६०० मि.मी. एफ ६.३ ला केली की व्यास ९५ मि.मी.वर येतो, आणि म्हणूनच सिग्मा व टॅमरॉनच्या १५०-६०० लेन्स सामान्य माणसाच्या आवाक्यात आल्या. गमावतो ते थोडा प्रकाश आणि पार्श्वभूमीचा थोडा मऊपणा. पहाटेच्या जंगलात हा तोटा जाणवतो हे खरे. तिथे आयएसओ, म्हणजे प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, ३२०० पर्यंत बिनधास्त चढवावा, कारण त्याने चित्रात येणारा नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, पुढे संगणकावर बराच कमी करता येतो, पण शटर मंद ठेवल्यामुळे हललेला वाघ कोणतेही सॉफ्टवेअर स्थिर करत नाही. चालत्या वाघाला मी शटर १/५०० सेकंदापेक्षा मंद सहसा ठेवत नाही, उडत्या पक्ष्याला १/२००० पेक्षा.

तुझ्या ऐंशी हजारांची वाटणी मी अशी करीन की दोन तृतीयांश लेन्सला आणि एक तृतीयांश बॉडीला, दोन्ही सेकंड हँड. लेन्सवर एवढा भर देण्याचे कारण असे, की बॉडी चार-पाच वर्षांत जुनी होते आणि लेन्स पंचवीस वर्षे चालते. कॅननची ४०० मि.मी. एफ ५.६ लेन्स १९९३ साली बाजारात आली, आणि आजच्या मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या, बॉडीवर ती अडॅप्टर लावून व्यवस्थित फोकस करते. जुनेजाणते छायाचित्रकार मिररलेसकडे वळल्यामुळे त्यांचे डीएसएलआर आणि लेन्स सध्या बाजारात मुबलक आहेत. तुझ्यासारख्याने याचा लाभ घ्यावा. मिररलेसमध्ये पक्ष्याचा डोळा ओळखून त्याला धरून ठेवणारा फोकस असतो आणि तो खरोखरच सुखाचा आहे, हे मी नाकारत नाही. पण ते सुख दुसऱ्या बॉडीच्या वेळी घेता येईल.

बॉडीचे फार बोलत नाही. निकॉनची डी ७२०० किंवा कॅननची ८०डी अथवा ७डी मार्क दोन, यांपैकी जी चांगल्या स्थितीत मिळेल ती घे. पहिल्या दोन्हींत २४ मेगापिक्सेल आहेत. ७डी मार्क दोनमध्ये २० आहेत, पण ती सेकंदाला दहा चित्रे घेते, तर डी ७२०० सहा. झेपावणाऱ्या कैकरासारख्या शिकारी पक्ष्याच्या मागे लागणार असशील तर हा फरक कामाचा, नाहीतर नाही. निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० मालिकांतल्या स्वस्त बॉडींत फोकसची मोटर नसते, त्यामुळे स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या एएफ-डी लेन्स त्यांच्यावर हाताने फोकस कराव्या लागतात. स्वस्तात मिळाली म्हणून अशी लेन्स घेऊन येशील आणि घरी आल्यावर ती ढिम्म हलणार नाही.

लेन्सच्या बाबतीत तुझ्यापुढे खरे तर तीन वाटा आहेत. भिगवण, कवडी, नांदूर मध्यमेश्वर अशा पाणथळी आणि सुप्याचा किंवा कडबनवाडीचा माळ, जिथे चिंकारा आणि लांडगा बऱ्याच अंतरावरूनच दिसतो, तिथे तुझे बहुतेक रविवार जाणार असतील, तर १५०-६०० किंवा निकॉनची २००-५०० एफ ५.६ घ्यावी. या दोन्ही प्रकारांची वजने दोन किलोच्या आसपास आहेत. निकॉनची २.३ किलोची आहे आणि दोन तासांनंतर ती चार किलोची वाटू लागते. ५०० आणि ६०० मधल्या फरकावरून लोक हमरीतुमरीवर येतात; तो फरक २० मीटरवरून सव्वातीन मीटर पुढे सरकण्याएवढा आहे, त्यापायी निवड बदलू नये. भीमाशंकरला शेकरूच्या मागे किंवा आंबोलीच्या वाटांवर दिवसभर पायी हिंडायचे असेल, तर दोन किलो गळ्यात घेऊन फिरणे ही शिक्षा आहे. तिथे सव्वा किलोची कॅननची ४०० एफ ५.६ किंवा साधारण तेवढ्याच वजनाची सिग्माची १००-४०० जास्त फोटो मिळवून देईल. कॅननच्या त्या ४०० मध्ये हाताची थरथर सावरणारे स्थिरीकरण नाही आणि झूमही नाही, पण उडत्या पक्ष्याला स्थिरीकरणाचा उपयोग नसतोच. आणि वर्षातून दोनदा ताडोबा किंवा पेंच, एवढाच तुझा बेत असेल, तर साधी ७०-३०० घेऊन उरलेले पैसे सफारीवर खर्च कर. मोठी लेन्स त्या तीन दिवसांपुरती भाड्याने मिळते.

टू-एक्स टेलिकन्व्हर्टरचा, म्हणजे लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसवायच्या जादा भिंगाचा, मोह तुला नक्की होईल. मीही तो विकत घेतला होता. त्याने लांबी दुप्पट होते, पण प्रकाश एक चतुर्थांश उरतो, एफ ५.६ ची लेन्स एफ ११ होते आणि बहुतेक डीएसएलआर एफ ८ च्या पुढे आपोआप फोकसच करत नाहीत. माझा अजून ड्रॉवरमध्ये आहे.

तुझ्या मामांनी सुचवलेल्या २००० मि.मी. झूमच्या कॅमेऱ्याबद्दलही स्पष्ट लिहितो, कारण तो आकडा भुलवणारा आहे. निकॉन पी ९०० च्या लेन्सची खरी लांबी ३५७ मि.मी. आहे, २००० हा आकडा मोठ्या सेन्सरच्या भाषेत केलेला समतुल्य आकडा आहे, आणि तो येतो सेन्सर फार चिमुकला असल्यामुळे. डीएसएलआरच्या एपीएस-सी सेन्सरचे क्षेत्रफळ त्याच्या सुमारे तेरा पट आहे. भर उन्हात फांदीवर बसलेला पक्षी ओळखण्याइतका फोटो तो फार छान देतो, आणि पक्ष्यांच्या नोंदी ठेवणे हाच तुझा मुख्य हेतू असेल तर मामांचेच ऐक, पैसेही वाचतील. सकाळी साडेसहाच्या झाडीत किंवा उडत्या पक्ष्याच्या मागे मात्र तो थकतो.

सेकंड हँड वस्तू हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नकोस. मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या मागच्या बाजूने आत टाकून पुढून तिरके पाहायचे. धुळीचे चार कण चालतात, पण कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढुरकी नक्षी दिसली तर ती बुरशी आहे; कितीही स्वस्त मिळाली तरी ती लेन्स परत करावी. झूम पूर्ण लांब करून, भोक पूर्ण उघडे ठेवून, वर्तमानपत्राचे पान तिरके धरून मधल्या एका ओळीवर फोकस कर आणि फोटो मोठा करून पाहा. नेमकी तीच ओळ ठळक न येता तिच्या मागची किंवा पुढची येत असेल, तर लेन्स आणि बॉडीचे जुळत नाही. वरच्या तिन्ही बॉडींत ते थोडे दुरुस्त करता येते, पण किंमत ठरवताना ते बोलून दाखवावे. बॉडीचा शटर काउंट, म्हणजे तिने आजवर काढलेल्या फोटोंचा आकडा, विचारावा: डी ७२०० चे शटर दीड लाखांसाठी तपासलेले असते, ८०डीचे एक लाखासाठी. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात एक दुपार काढलीस तर एकाच लेन्सचे पाच नमुने हाताळता येतील, आणि तिसऱ्या दुकानापर्यंत तुझा हात आपोआप शहाणा होईल. बिल मात्र मागून घे, अनुक्रमांक लिहिलेले.

तिवईवर सध्या एक रुपयाही घालू नकोस, जिप्सीत तिला जागाच नसते. जुन्या जीन्सचा एक पाय गुडघ्याखाली कापून, एक तोंड शिवून, त्यात दोन किलो तांदूळ भर आणि दुसरे तोंड पक्के शिवून टाक. जिप्सीच्या दांडीवर किंवा होडीच्या काठावर ती पिशवी टाकून तिच्यात लेन्स रुतवली, की १/२५० लाही हात स्थिर राहतो. माझ्या पिशवीला एकदा विश्रामगृहात मुंग्या लागल्या, तेव्हापासून मी तांदळाला कडुनिंबाचा पाला लावतो, आईसारखा.

राहिला पावसाळा. माझी पहिली ३०० ची लेन्स मी एका जूनमध्ये तिच्या चामडी पेटीत घालून कपाटात ठेवली आणि सप्टेंबरात काढली, तेव्हा आतल्या काचेवर बुरशी पसरलेली होती. चामडे ओल धरून ठेवते, अंधार तर होताच, मग आणखी काय हवे? धान्याचा घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारे दोन-तीनशे रुपयांचे छोटे यंत्र एवढ्यावर भागते. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिला पाहिजे. सरकला की पुड्या बदल.

खरेदीपूर्वी एकदा मोठी लेन्स हातात धरून पाहा. येत्या रविवारी मी सहा वाजता कवडीला असेन. माझी २००-५०० तुला दोन तास देतो. निकॉनची बॉडी कोणाकडून तरी मागून आण, आणि नाकाला बांधायला रुमाल आण, नदीचा वास सोसवत नाही.

तुझा,
काका