मोनोरेल ‘एकचाकी’ कशी असेल?

प्रश्न असा आहे: मोनोरेलला ‘एकचाकी रेल्वे’ म्हणावं का? आणि एकोणिसाव्या शतकातल्या ‘बायसिकल रेल्वे’ला मग दोन रूळ होते का?

नाही आणि नाही. हे ‘एकचाकी’ ऐकून कान किटले. ‘मोनो’ म्हणजे एक, ‘रेल’ म्हणजे रूळ. चाकं हवी तितकी असोत. उलट बायसिकल रेल्वेत नाव पडलं ते चाकांवरून: सायकलीसारखी एकामागे एक. बॉइंटन या अमेरिकी संशोधकाने १८९० मध्ये न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंडला चालवलेली गाडी खाली एकाच रुळावर धावे. कलंडू नये म्हणून डोक्यावर लाकडी तुळई. न्यू जर्सीतली हॉचकिस या संशोधकाची बायसिकल रेल्वे (१८९२) मात्र खरोखरच पायाने चालवायची सायकल होती, कुंपणासारख्या रुळावर बसवलेली. मार्ग एकच, त्यामुळे समोरून कोणी आला की एकाने बगलेच्या फाट्यावर सरायचं. कामगार सगळे एकाच दिशेने कारखान्याला जायच्या वेळी ठीक, एरवी पंचाईत.

पण खरी गंमत ‘रूळ’मध्ये आहे. लॅटिन ‘रेगुला’ म्हणजे सरळ पट्टी. जुन्या फ्रेंचमधून ती दोन रूपांनी इंग्रजीत शिरली: एक ‘रेल’, दुसरं ‘रूल’. वहीत रेघा मारायचा गोल लाकडी रूळ या ‘रूल’चाच, आणि माझ्या मते लोखंडी पट्टीला नाव मिळालं ते त्यावरूनच. म्हणजे रेल आणि रूळ सख्खी भावंडं! ‘रुळणे’वरून व्युत्पत्ती लावणाऱ्या पंडितांना एकच विचारतो: खांद्यावर केस रुळतात, नोकरीत माणूस रुळतो, खिळे ठोकून बसवलेली पट्टी कशी रुळेल?

खोटं बोलतो तो ‘मोनो’. आयर्लंडमध्ये लिस्टोवेल ते बॅलीबनियन १८८८ ते १९२४ चाललेली, लार्टिग या फ्रेंच अभियंत्याच्या पद्धतीची रेल्वे घ्या. इंग्रजी ‘ए’च्या आकाराचे लोखंडी घोडे, म्हणजे टेकू, माथ्यावर मीटरभर उंचीला मुख्य रूळ, आणि दोन्ही बाजूंना खाली डोलणं आवरणारा एकेक रूळ. मोजा, झाले तीन! वजन पेलणारा तेवढा एक. डबा उंटाच्या पाठीवरच्या ओझ्यासारखा दोहोंकडे लोंबे, म्हणून दोन्ही बाजू तोलाव्याच लागत. पियानो पाठवायचा तर पलीकडे दोन वासरं चढवली आणि परतताना ती एकेका बाजूला बसवली, असं सांगतात. इंजिनालासुद्धा बॉयलर दोन, एकेका कुशीला एकेक. प्रवाशाला या बाजूहून त्या बाजूला जायचं तर गाडीतच पायऱ्यांची वाघीण जोडलेली असे. रस्ता आडवा आला की उंच रुळाखालून बैलगाडी जायची नाही, मग तिथला रुळाचा तुकडाच हलवता येईल असा करावा लागे.