बटणाची गाडी पंधरा-वीस दिवस उभी होती. आता रिमोटने दारच उघडत नाही. टो करून न्यावी का?

तुमचा प्रश्न वाचला आणि मला गेल्या वर्षीची आखाजी (अक्षय्य तृतीया) आठवली. तुम्ही पुण्यात, गाडी जळगावला वडिलांकडे, वीस-बावीस दिवस हललेली नाही. रिमोट दाबला तर काही नाही, हँडलवरचं बटण दाबलं तर काही नाही, बटण स्टार्ट असल्यामुळे चावीला पातं नाही असं तुम्हाला वाटतं. शोरूमवाले म्हणतात टो करून आणा आणि शेजारचे म्हणतात मागची काच फोडा. दोन्ही करू नका. टोवाल्याला आधी दार उघडून हँडब्रेक काढावा लागेलच, म्हणजे तुमचा मूळ प्रश्न तिथेच राहतो. काच फोडायची वेळ एकच: आत लेकरू अडकलंय आणि बाहेर आपल्या भागातलं ऊन आहे. तेव्हा मात्र क्षणभरही विचार करू नका.

पहिली गोष्ट म्हणजे चावीला पातं असतं. त्या काळ्या अंड्यासारख्या रिमोटच्या कडेला एक बारीक खटका असतो, तो सरकवला किंवा दाबला की आतून लोखंडी पातं बाहेर येतं. ड्रायव्हरच्या दाराला भोकही असतं, पण बऱ्याच गाड्यांत ते हँडलच्या टोकाला प्लास्टिकच्या टोपणाखाली लपवलेलं असतं. टोपणाच्या खालच्या बाजूला एक बारीक फट दिसेल. पात्याचं टोक त्यात घालून हलकेच वर उचकटायचं, जोर लावायचा नाही, नाहीतर रंग जातो. मग पातं घालून फिरवायचं. वर्षानुवर्षं वापर नसल्याने ते कडक फिरतं, घाबरू नका.

हे मला माहीत नव्हतं. धुळ्यात आमच्या गल्लीत पाइप टाकायला खोदलं होतं, म्हणून मी गाडी अमळनेर तालुक्यात गावी, खळ्यात नेऊन ठेवली आणि तीन आठवडे एसटीने ये-जा केली. आखाजीला बहीण सुरतेहून माहेरी आली होती. तिला परत जायला पहाटेची गाडी होती, अमळनेर स्टेशनवरून. चार वाजता मी, ती, तिची दोन पोरं, सांजोऱ्यांचा डबा आणि बिबड्यांनी (ज्वारीच्या पापडांनी) भरलेला पत्र्याचा मोठा डबा असे सगळे गाडीपाशी उभे. मी हँडल ओढलं. काही नाही. रिमोट दाबला. नाही. जवळून दाबला, लांबून दाबला, हात वर करून दाबला. मी रिमोटचा सेल गेला असं धरून चाललो आणि पंधरा मिनिटं घरातल्या घड्याळांचे सेल काढून बघत बसलो. ते सगळे पेन्सिल सेल, रिमोटला लागतो चपटा, नाण्यासारखा. तेवढ्यात भाचा म्हणाला, "मामा, याच्यातून चावी निघते." दोन दिवस तो रिमोटशी खेळत होता, त्याने ती केव्हाच काढून बघितली होती.

माझी चूक इथे झाली, म्हणून जरा सविस्तर सांगतो. या गाडीत दोन बॅटऱ्यांचा मामला आहे. एक रिमोटमधला ३ व्होल्टचा चपटा सेल (बहुतेक सीआर२०३२, पण उघडून नंबर बघूनच घ्या, घड्याळाच्या दुकानात मिळतो) आणि दुसरी बॉनेटखालची १२ व्होल्टची. तुम्ही हँडलला हात लावता तेव्हा गाडी एक कमी पल्ल्याचा संदेश सोडते, तो चावीला पोचला की चावी उत्तर देते आणि मग दाराची मोटर फिरते. मोठी बॅटरी मेली की गाडी ना संदेश सोडू शकते, ना मोटर फिरवू शकते. मग चावीत नवा कोरा सेल घातला तरी उपयोग शून्य.

ओळखायचं कसं? रिमोटचं बटण दाबल्यावर त्यावरचा बारीक लाल दिवा लागत असेल आणि गाडी मात्र ढिम्म, इंडिकेटरही लुकलुकत नसेल, तर दोष गाडीकडे. दुसऱ्या चावीनेही तसंच होत असेल तर नक्कीच. उलट, गेले काही दिवस रिमोट अगदी जवळ नेल्यावरच चालत असेल, किंवा डॅशबोर्डवर चावी सापडत नाही असा संदेश येत असेल, तर सेल संपत आलाय. सेल संपल्यावर गाडी सुरू करायची सोपी युक्ती आहे: रिमोटच स्टार्ट बटणाला टेकवायचा, क्लच किंवा ब्रेक दाबायचा आणि त्याच रिमोटने बटण दाबायचं. चावीत एक चिप असते, तिला सेल लागत नाही. काही गाड्यांत टेकवायची जागा वेगळी असते, ती गाडीसोबतच्या पुस्तकात दिलेली असते. कधीकधी दोन्ही ठीक असतात आणि गाडी मोबाइल टॉवरच्या अगदी खाली उभी असते. तिथून चारदोन पावलं हलून बघायचं. तुमच्या बाबतीत मात्र वीस दिवस उभी म्हणजे मोठी बॅटरीच, असं मी डोळे मिटून सांगतो.

दार उघडलं की आत अंधार असेल, छताचा दिवासुद्धा लागणार नाही. बॉनेट मात्र उघडेल, त्याचा खटका तारेचा असतो, त्याला करंट लागत नाही. ड्रायव्हरच्या पायाजवळ डॅशबोर्डखाली बघा. डिकी उघडेलच असं नाही, कारण हल्ली तिचं कुलूप विजेवर असतं. माझी जंपर केबल, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीतून करंट घ्यायची जाड वायर, कुठे होती? डिकीत! शेवटी मागच्या सीटची पाठ पाडली, भाच्याला आत सोडलं आणि त्याने बॅटरीच्या उजेडात (म्हणजे टॉर्चच्या) स्टेपनीच्या बाजूने ती ओढून काढली. तेव्हापासून केबल पुढच्या सीटखाली असते.

तोवर शेजारचे आप्पा उठून आले. आमच्याकडे पहाटे चारला कुणाच्या खळ्यात टॉर्च फिरला की अर्धी गल्ली उठते. "काय व्हयनं भो? गाडी मरी गई का?" मी म्हटलं, बॅटरी गेली. त्यांनी बॅटरीकडे बघितलं, "इले बी पानी पाजनं पडस का?" नाही, आजकालच्या बऱ्याचशा बॅटऱ्या बंदिस्त असतात, त्यांना डिस्टिल्ड वॉटर घालायला जागाच नसते. पण आप्पांकडे ट्रॅक्टर होता आणि ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टची असते, आपल्या कारसारखीच. ट्रक आणि एसटीची यंत्रणा २४ व्होल्टची. हायवेवर कुणी भला ट्रकवाला मदतीला थांबला तरी त्याच्या गाडीला केबल लावू नका, तुमच्या गाडीचा कॉम्प्युटर जळू शकतो.

केबल लावायचा क्रम पाठच करा. आधी लाल चिमटा मेलेल्या बॅटरीच्या अधिकवर, लालचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या अधिकवर, मग काळा चांगल्या बॅटरीच्या उणेवर आणि काळ्याचं शेवटचं टोक मेलेल्या बॅटरीवर न लावता तुमच्या इंजिनच्या एखाद्या उघड्या, रंग नसलेल्या लोखंडावर, बॅटरीपासून लांब. शेवटचा चिमटा टेकवताना ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन सुटत असू शकतो, म्हणून. आप्पांची विडी मी आधी विझवायला लावली, ते जरा रागावले. ट्रॅक्टर सुरू करून पाचेक मिनिटं तसाच ठेवायचा, मग आपली गाडी मारायची. लागली की चिमटे उलट्या क्रमाने काढायचे.

आमची लागली, आणि लागण्याआधी हॉर्न बोंबलायला लागला. पात्याने दार उघडलं की करंट परत आल्यावर काही गाड्यांना चोर शिरला असं वाटतं. रिमोटचं अनलॉक दाबलं किंवा गाडी सुरू झाली की तो थांबतो. आमच्या गावातली सगळी कुत्री मात्र त्यानंतर बराच वेळ थांबली नाहीत. बहीण तोपर्यंत भाजीच्या पिकअपमध्ये पुढे बसून स्टेशनला पोचलीसुद्धा होती. तिने फलाटावरून फोन केला, बिबड्यांचा डबा खळ्यातच राहिला म्हणून.

धक्का मारून का नाही, असं तुम्ही विचाराल. बॅटरी अर्धमेली असेल, मॅन्युअल गिअर असेल तर इग्निशन चालू करून दुसऱ्या गिअरमध्ये लागू शकते. पण दारसुद्धा उघडत नाही इतकी मेलेली असेल तर बटण दाबून इग्निशनच येत नाही, कॉम्प्युटर जागा होत नाही, मग दहा पोरं लागली तरी ती नुसतीच ढकलली जाते. ऑटोमॅटिकला तर धक्का नाहीच. हायवेवर, म्हणजे धुळे-जळगाव रस्त्यावर वगैरे असं झालं तर १०३३ हा राष्ट्रीय महामार्गाचा मदत क्रमांक आहे.

आता मूळ दुखणं. बॅटरीला थंडी मारते असं व्हिडिओत सांगतात, ते बर्फाच्या मुलखातलं. आपल्याकडे तिला ऊन मारतं. तापमान दर १० अंशांनी वाढलं की बॅटरी म्हातारी व्हायचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ हिशेब आहे. आतल्या शिशाच्या जाळ्या कुजतात, पाणी उडतं. जळगाव-भुसावळला मे महिन्यात ४४-४५ अंश असतात आणि बॉनेटखाली त्याहून जास्त. त्यामुळे इतरांकडे चार-पाच वर्षं जाणारी बॅटरी आपल्याकडे तिसऱ्या वर्षी कुरकुरायला लागते. माझी साडेतीन वर्षांची होती.

त्यात उभी गाडी झोपलेली नसते. अलार्म, घड्याळ, चावीची वाट बघणारं यंत्र, वरून कुणी बसवलेला जीपीएस ट्रॅकर किंवा डॅशकॅम, सगळे थोडं थोडं पीत असतात. ५० मिलिअँपिअर धरले तरी दिवसाला १.२ अँपिअर-तास. लहान गाडीत बॅटरी ३५ अँपिअर-तासांची, म्हणजे वीस दिवसांत २४ गेले. आणि माझा खरा शहाणपणा: मी चावी ओसरीतल्या खुंटीला टांगली होती आणि गाडी ओसरीला लागूनच, भिंतीपलीकडे दोन हातांवर. चावी इतकी जवळ असली की बऱ्याच गाड्या तिच्याशी रात्रंदिवस बोलत राहतात, झोपतच नाहीत. गाडीची बॅटरी आणि चावीचा सेल दोन्ही त्यात जातात. तुमच्या वडिलांची चावी कुठे असते ते विचारा.

सुरू झाल्यावर लगेच बंद करू नका. उभ्या उभ्या पाच मिनिटं रेस करून काही भरत नाही, तास-पाऊण तास चालवा. तरीही इतकी खोल उतरलेली बॅटरी अल्टरनेटरवर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारं यंत्र) पूर्ण भरत नाही, बॅटरीवाल्याकडे एक रात्र चार्जिंगला द्या. मग मीटर लावून बघा. गाडी बंद ठेवून काही तासांनी १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत, १२.२ म्हणजे अर्धीच. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ हवेत, तेवढे नसतील तर दोष बहुधा अल्टरनेटरचा आहे, बॅटरी बदलून पैसे घालवू नका. स्टार्टर मारताना काटा साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरी संपली असं समजा. माझी रात्रभर चार्ज करून सकाळी छान १२.७ दाखवत होती आणि स्टार्टर मारला की ८.९. नवी घ्यावी लागली. नवी घेताना जुनी द्या, तिचे पैसे वजा होतात, आणि वॉरंटी कार्डावर तारीख-शिक्का घ्या. सिग्नलला आपोआप बंद होणारी गाडी असेल तर साधी बॅटरी बसवू देऊ नका, तिला वेगळी लागते. इलेक्ट्रिक कारवाल्यांनी हसू नये, त्यांच्याही दारांना ही छोटी १२ व्होल्टचीच असते, गाडी चालवणारी मोठी पूर्ण भरलेली असली तरी.

कधी कधी दुखणं याहून लहान असतं: टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड चढलेली किंवा नट ढिला. जंपर लावायच्या आधी हाताने हलवून बघा. गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुतलं, कोरडं केलं आणि वर व्हॅसलीन लावलं की झालं.

पुढच्या वेळी महिनाभर उभी ठेवायची असेल तर १० नंबरच्या पान्याने उणे टर्मिनल सोडून ठेवा. मग बॉनेट लावा आणि दार पात्यानेच बंद करा, कारण रिमोट तेव्हा चालणार नाही. परत जोडल्यावर घड्याळ आणि काचेचं आपोआप वर जाणं पुन्हा सेट करावं लागतं.

तर आज संध्याकाळी ऊन उतरल्यावर वडिलांना व्हिडिओ कॉल लावा आणि चावीची कड कॅमेऱ्यासमोर फिरवायला सांगा, खटका तुम्हालाच दिसेल. पातं फिरवायच्या आधी शेजाऱ्यांच्या कानावर घालायला सांगा, की करंट आल्यावर हॉर्न वाजला तर पळत येऊ नका.