बुद्धी वाढली, आता शेवट कसा करू?

प्रश्न : मी विज्ञानकथा लिहिते. सध्याच्या कथेत शस्त्रक्रियेनंतर नायकाची बुद्धी अफाट वाढते. पण पुढे एक तर ती ओसरते, नाहीतर त्याला वेड लागतं, एवढंच सुचतं. वाचलेल्या कथांतही बहुधा हेच होतं. तिसरा शेवट नसतोच का?

उत्तर : असतो. पण हे दोन शेवट इतके लाडके का? निसर्गात ढवळाढवळ केल्याची शिक्षा, असं समीक्षक म्हणतात. मला ते पटत नाही. खरी पंचाईत लेखकाची असते. स्वतःहून दसपट हुशार माणूस लिहायचा कसा? मग तो बुद्धिबळात सगळ्यांना हरवतो, आठवड्यात चार भाषा शिकतो, आणि लेखकाची शिदोरी संपली की वेडा होतो. कथास्पर्धेच्या हस्तलिखितांत पटावरचा घोडा दिसला की मी पान उलटतो.

डॅनियल कीज यांची ‘फ्लॉवर्स फॉर अल्जर्नन’ (1959) तुम्ही वाचली असेल. नसेल तर आधी वाचा. नायक चार्लीचा बुद्ध्यांक 68. सगळी कथा त्याच्याच नोंदींतून येते. आधी अशुद्ध, तुटक वाक्यं. शस्त्रक्रियेनंतर तीच सुधारत, लांबत जातात. बुद्धी वाढल्याचं वेगळं सांगावंच लागत नाही. आणि हुशार झाल्यावर त्याला कळतं काय, तर कामावरचे सोबती आपली टिंगल करत होते! त्याचं संशोधन पुढे येतंच, पण मनात रुतून बसतो तो हा अपमान. तो समजायला वाचकाला बुद्ध्यांक वाढवून घ्यावा लागत नाही.

या कथेचाही शेवट गोड करा, बुद्धी टिकू द्या, लग्न लावून द्या, असं संपादक एच. एल. गोल्ड यांनी सुचवलं होतं. कीज यांनी ऐकलं नाही. कथा दुसऱ्या मासिकात छापून आली. योग्यच केलं. आपली बुद्धी जाणार हे चार्ली स्वतःच शोधून काढतो आणि ते जाणं उघड्या डोळ्यांनी पाहतो. तिथे ओसरणं हाच कथेचा गाभा आहे. तुमच्या कथेत तसं नसेल तर ते उसनं आणू नका.

पॉल अँडरसन यांच्या ‘ब्रेन वेव्ह’मध्ये (1954) प्रयोग नाही, पण जगातल्या सगळ्यांचीच बुद्धी एकदम वाढते, जनावरांचीसुद्धा, आणि ती परत जात नाही. तेव्हा मार्ग आहेत.

माझ्या मते तुमचा शेवट प्रयोगशाळेत आहे. 1999 मध्ये प्रिन्स्टनला ज्यो त्सिएन यांच्या गटाने मेंदूतल्या पेशींवर संदेश टिपणाऱ्या ग्राहींमधल्या (रिसेप्टर) एनआर2बी या घटकाचं प्रमाण जनुकीय बदलाने वाढवलेले उंदीर तयार केले. ते लवकर शिकत, जास्त लक्षात ठेवत. 2001 मध्ये संशोधकांना दिसलं, की याच उंदरांना दीर्घकाळ टिकणारी वेदनाही जास्त जाणवते. आठवण पक्की करणारी यंत्रणाच दुखणंही पक्कं करते म्हणायची. तुमच्या नायकाची बुद्धी शाबूत राहू द्या, वेडही नको. फक्त काही विसरायची सोय त्याच्याकडे राहू देऊ नका.

आणि निवेदन त्याच्या तोंडी नको. त्याच्या चाचण्या घेणाऱ्या सहायिकेला बोलू द्या. ती साधीच असल्याने तुमची दसपटीची पंचाईत सुटेल. एके दिवशी तिच्या प्रश्नपत्रिका त्याला मापायला अपुऱ्या पडतील. त्यानंतर तो तिला काय काय सांगायचं टाळतो, ते लिहा.