अन्यायाशी समेट करतात का? 'रिकन्सिलिएशन'ला मराठीत काय म्हणावं

प्रश्न असा आलाय. एका मुलीने कॅनडातल्या मूळच्या रहिवाशांबद्दल एक लेख मराठीत करायला घेतलाय आणि पहिल्याच वाक्यात ती अडकलीये. तिचं वाक्य असं, "मूलनिवासींवर भूतकाळात झालेल्या अन्यायांचे स्मरण करणे व त्यांच्याशी समेट करणे ही तरुणाईची जबाबदारी आहे." तिचं म्हणणं, रिकन्सिलिएशनला कोशात समेट, सलोखा, दिलजमाई असं सगळंच सापडतं, मग कुठलाही घेतला तर चालेल ना? मला काका म्हटलंच आहे तर अगं-तुगं करतो.

कुठलाही नाही चालणार, सलोखा घे. पण त्याआधी ते वाक्य जरा मोठ्याने वाचून बघ. 'त्यांच्याशी' म्हणजे कोणाशी? तुझ्या डोक्यात माणसं आहेत पण वाक्यात त्याच्या मागे उभे आहेत अन्याय, आणि अन्यायाशी समेट म्हणजे मराठीत अन्याय मुकाट्याने पोटात घालणं, नेमकं उलटं झालं की! इंग्रजीतलं रिकन्साइल माणसांना लागतं, बँकेच्या हिशेबाला लागतं आणि नकोशा परिस्थितीलाही लागतं. आपल्याकडे ही तीन वेगळी कामं आहेत आणि त्यांना तीन वेगळे शब्द आहेत, माणसांशी समेट करतात, दोन वह्यांचा मेळ घालतात, परिस्थितीशी तडजोड करतात. अन्यायाचं यातलं काहीच होत नाही. अन्यायाचं होतं ते परिमार्जन किंवा निवारण. परिमार्जन हा शब्द हल्ली फारसा कोणी वापरत नाही पण फार नेमका आहे, मूळ अर्थ घासून-पुसून साफ करणं, आणि घासायचं तर आधी डाग कुठे आहे ते बघावं लागतं.

आता समेट. समेट दोन भांडणाऱ्यांमध्ये होतो, दोघांचं थोडं थोडं चुकलेलं असतं, मग मध्ये कोणीतरी मोठं माणूस पडतं, दोघं एकेक पाऊल मागे घेतात आणि मिटतं. म्हणजे टाळी दोन हातांनी वाजली होती हे त्या शब्दात आधीच गृहीत आहे. आणि कॅनडात काय झालं? तिथल्या सरकारने चर्चच्या मदतीने शंभराहून जास्त वर्षं निवासी शाळा चालवल्या, फर्स्ट नेशन्स, मेटी आणि इन्युइट अशा मूळ रहिवाशांच्या तिन्ही समाजांतली मिळून सुमारे दीड लाख मुलं त्यात ठेवली गेली, घरापासून तोडून, आणि घरची भाषा बोलली तर शिक्षा. १९२० मध्ये तर कायदा बदलून हजेरी सक्तीची केली. यातल्या शेवटच्या शाळा १९९० च्या दशकात बंद झाल्या, म्हणजे तिथे शिकलेली माणसं आज पन्नाशीच्या अलीकडचीसुद्धा असू शकतात. आता मला सांग, सहा वर्षांच्या पोरीने सरकारशी कुठलं भांडण काढलं होतं की आज तिच्याशी 'समेट' करायचा?

शिवाय समेटाबरोबर आपल्याकडे एक वाक्य ठरलेलं येतं, "झालं गेलं गंगेला मिळालं". मिटवायचं म्हणजे विसरायचं, जुनं उकरून काढायचं नाही, हे आपल्या कानाला इतकं सवयीचं आहे की समेट म्हटल्यावर वाचकाच्या डोक्यात तेच उमटणार. पण या शाळांची चौकशी करायला जो आयोग नेमला त्याचं नाव बघ, 'ट्रुथ अँड रिकन्सिलिएशन कमिशन', त्यात सत्य आधी आणि रिकन्सिलिएशन नंतर. आयोग २००८ मध्ये नेमला गेला, तोही सरकारला आपणहून सुचलं म्हणून नाही, त्या शाळांतून बाहेर पडलेल्या माणसांनी कोर्टात दावे लावले, २००६ मध्ये तडजोडीचा करार झाला (इथे तडजोड शब्द बरोबर बसतो, बघ) आणि त्या करारातून आयोग आला. अध्यक्ष मरे सिंक्लेअर, स्वतः अनिशिनाबे समाजातले, मॅनिटोबा प्रांताचे पहिले मूळनिवासी न्यायाधीश, २०२४ मध्ये गेले. आयोगाने साडेसहा हजारांवर लोकांच्या जबान्या ऐकल्या आणि २०१५ मध्ये ९४ मागण्यांसकट अहवाल दिला. इतकं सगळं बोलून घेतल्यावर जे येतं त्याला 'झालं गेलं'वाला शब्द कसा लावायचा.

अजून एक गंमत, म्हणजे गंमत नाही खरं तर. रिकन्सिलिएशन शब्दातल्या सुरुवातीच्या 'रि'चा अर्थ पुन्हा, आणि त्या अहवालातच लिहिलंय की पूर्वी कधीतरी गोडीगुलाबी होती आणि ती परत आणायची असं काही लोक धरून चालतात, पण तसं नातं आमच्यात कधी नव्हतंच असं बऱ्याच मूळनिवासींचं म्हणणं आहे. म्हणजे शब्दाच्या चौकशीत मी एकटाच नाही, आयोगही पडला होता. म्हणून 'पुनर्मीलन', 'पुन्हा एकोपा', 'मनोमिलन' हे सगळे बाद. मनोमिलन तर तसंही निवडणुकीआधी एकाच पक्षातले दोन गट करतात ते, त्याच्यावर आता कोणाचा विश्वास उरलेला नाही.

दिलजमाईवर मात्र मी थोडा रेंगाळणार आहे कारण मला स्वतःला तो शब्द आवडतो. आज आपण तो 'दोघांची मनं जुळली' अशा अर्थाने वापरतो, पण फारसीतून आला तेव्हा त्याचा अर्थ जुळणं हा नव्हता. दिल जमा असणं म्हणजे मन एकवटलेलं, विखुरलेलं नाही, थोडक्यात निर्धास्त. मोल्सवर्थच्या जुन्या कोशातही खातरजमा, मनाची निश्चिंती याच बाजूचा अर्थ आहे. म्हणजे दिलजमाई करायची ती समोरच्याची. ज्याचं मन धास्तावलंय त्याला खात्री द्यायची, की आता तुझ्या पोराला कोणी न्यायला येणार नाही. जुना अर्थ जिवंत असता ना, तर मी डोळे मिटून हाच शब्द दिला असता, कारण त्यात ओझं एकाच बाजूवर आहे आणि इथे ते तसंच असायला पाहिजे. पण आज तो शब्द वाचून कोणालाही दोन रुसलेले भाऊच आठवतील, त्यामुळे नाइलाज.

उरला सलोखा. याची एक अडचण आधीच सांगतो, या शब्दाला सरकारी परिपत्रकाचा वास येतो, 'सामाजिक सलोखा' म्हटलं की शांतता समितीची बैठक डोळ्यासमोर येते. तरी पण घे, आणि का घे ते शब्दात नाही, त्याला लागणाऱ्या क्रियापदात आहे. समेट *होतो* किंवा *घडवून आणतात*. झाला की झाला, तारीख टाकता येते, सह्या करून घरी जाता येतं. सलोखा *राखतात*. तो *टिकतो*, *नांदतो*, *बिघडतो*. 'काल दुपारी चार वाजता सलोखा झाला' असं कोणी म्हणत नाही. म्हणजे एकात काम संपतं आणि दुसऱ्यात ते रोज करावं लागतं. आयोगाने स्वतःची व्याख्यासुद्धा अशीच केलीये, एकमेकांचा मान ठेवणारं नातं तयार करणं *आणि राखणं*. आणि तुझा लेख तरुणांबद्दल आहे ना, मग हा फरक अजूनच महत्त्वाचा, कारण जो भांडणात नव्हताच तो समेट कसला करणार? त्याचा जन्मच नंतरचा. पण सलोखा राखायला भांडणात असावं लागत नाही, नंतर आलेल्यानेच तो राखायचा असतो.

तुझ्या वाक्यातल्या 'स्मरण'बद्दल तू विचारलं नाहीस पण मला राहवत नाही. मराठीत आठवणं आणि लक्षात ठेवणं या दोन गोष्टींचं व्याकरणच वेगळं आहे. 'मला आठवतं', इथे मी काही करत नाही, आठवण आपणहून येते माझ्याकडे, आणि येते ती स्वतः बघितलेल्या-भोगलेल्याचीच. 'मी लक्षात ठेवतो', इथे मी कर्ता आहे, ठरवून करतोय. ज्या आजीला त्या शाळेत नेलं तिला *आठवतं*, तिला नको असलं तरी आठवतं. आज टोरांटोत किंवा विनिपेगमध्ये कॉलेजात जाणाऱ्या पोराला ते आठवू शकत नाही, त्याला ते *लक्षात ठेवावं* लागेल, आणि त्यासाठी आधी कोणाकडून तरी ऐकावं लागेल. म्हणून 'स्मरण करणे' काढ, त्याला पुण्यतिथीचा सूर आहे, दोन मिनिटं उभं राहिलं की झालं. 'लक्षात ठेवणं' साधं आहे पण त्यात कष्ट आहेत. आयोगानेही काही लोकांना मानद साक्षीदार म्हणून बोलावलं होतं, कारण तिथल्या बऱ्याच समाजांत साक्षीदार म्हणजे जो ऐकतो, नीट जपून ठेवतो आणि घरी जाऊन पुढच्यांना सांगतो तो. आपला साक्षीदार कोर्टात एकदा उभा राहिला की सुटला, त्यांच्याकडे खरं काम तिथून पुढे सुरू होतं.

'जबाबदारी' ठेव, उत्तम शब्द आहे. फक्त लेखात पुढे कुठेतरी त्याचा 'दोष' होऊ देऊ नकोस, कारण तरुण मुलं इथेच बिथरतात, "आम्ही काय केलं? आमच्या जन्माआधीचं आहे." बरोबरच आहे त्यांचं, दोषी ते नाहीतच. पण जबाबदार म्हणजे ज्याला जबाब द्यायचाय तो, एवढाच त्या शब्दाचा मूळ अर्थ, गुन्हा कोणी केला ते त्यात येतच नाही. कोणी विचारलं की बाबा आता यापुढे काय, तर गप्प न बसता उत्तर द्यायचं. आणि विचारणारे पण तरुणच असतात पुष्कळदा. ऑन्टारिओच्या उत्तरेला अट्टावापिस्काट म्हणून क्री लोकांची वस्ती आहे, तिथल्या शाळेच्या जमिनीत डिझेल मुरलेलं म्हणून शाळा २००० मध्ये बंद झाली आणि मुलं वर्षानुवर्षं तात्पुरत्या खोल्यांत शिकत राहिली. शॅनन कूस्टाचिन ही तिथलीच, २००८ मध्ये तेरा वर्षांची असताना ती नवी शाळा मागायला राजधानी ओटावाला जाऊन थेट मंत्र्यांपुढे उभी राहिली, देशभरातल्या शाळकरी पोरांनी तिच्या बाजूने सरकारला पत्रं लिहिली. २०१० मध्ये अपघातात ती गेली, पंधरा वर्षांची होती. २०१२ मध्ये संसदेने तिच्या नावाचा ठराव एकमताने केला आणि नवी शाळा उघडली २०१४ मध्ये. तुझ्या लेखात हे घाल, कारण यात पत्रं लिहिणाऱ्या पोरांनी जे केलं ते 'स्मरण' नव्हतं आणि 'समेट' तर नव्हताच. आणि 'भूतकाळात' हा शब्द पण या शाळेमुळे डळमळतो, बघ. 'भूतकाळात झालेल्या' ऐवजी 'आजवर होत आलेल्या' म्हटलं तर जास्त खरं होईल.

बाकी किरकोळ, भराभर सांगतो. त्या शाळांना 'बोर्डिंग स्कूल' म्हणू नकोस, मराठीत ते थंड हवेच्या ठिकाणचं महागडं प्रकरण वाटतं, 'आश्रमशाळा'ही नको, तिची आपल्याकडची ओळख वेगळी आहे. 'निवासी शाळा' ठीक. मुलं शाळेत 'गेली' लिहू नकोस, 'नेली' लिही, एका अक्षराचा फरक आहे पण कर्ता बदलतो. या शाळांत नेलेल्या मुलांसाठीचा ३० सप्टेंबरचा दिवस 'साजरा करतात' असं चुकूनही लिहू नकोस (मी हे छापील मजकुरात पाहिलंय आणि कपाळावर हात मारलाय), असा दिवस *पाळतात*. फिलिस वेबस्टॅड सहा वर्षांची असताना, १९७३ मध्ये, आजीने घेऊन दिलेला तिचा नवाकोरा नारिंगी शर्ट शाळेने पहिल्याच दिवशी काढून घेतला, त्यावरून २०१३ पासून लोक त्या दिवशी नारिंगी शर्ट घालायला लागले आणि २०२१ मध्ये ती केंद्र सरकारची सुट्टी झाली. आणि पंतप्रधान स्टीफन हार्पर ११ जून २००८ ला संसदेत या शाळांबद्दल जे बोलले त्याला 'दिलगिरी' नको, दिलगिरी आपण ट्रेन उशिरा आली तरी व्यक्त करतो. ती माफी होती. इंग्रजीत माफी देऊ करतात, आपण *मागतो*, आणि मागितलेली गोष्ट द्यायची की नाही हे समोरच्याच्या हातात राहतं, त्यामुळे इथे मराठी वाक्य मूळ इंग्रजीपेक्षा चांगलं होईल.

'मूलनिवासी'वर माझं मत दोलायमान आहे. आपल्याकडे त्या शब्दाला एका वेगळ्याच वादाचा रंग चढलाय, 'आदिवासी' म्हटलं तर वाचकाला आपल्याकडचे समाज दिसतात. मी स्वतः पहिल्यांदा 'कॅनडातले मूळ रहिवासी' लिहून पुढे शक्य तिथे थेट समाजाचं नाव देतो, क्री, इन्युइट, अनिशिनाबे, जे असेल ते. नाव माहीत असताना मोघम शब्द कशाला.

तर वाक्य मी असं केलं असतं, "कॅनडातल्या मूळ रहिवाशांवर आजवर जे अन्याय केले गेले ते लक्षात ठेवणं, त्यांचं परिमार्जन करायला लावणं आणि या लोकांशी सलोखा राखणं ही आता तरुण मुलामुलींची जबाबदारी आहे." थोडं लांबलंय, तुला हवं तर दोन वाक्यं कर. 'झालेल्या'चं 'केले गेले' मुद्दाम केलंय, अन्याय पावसासारखा आपोआप होत नाही. आणि 'तरुणाई' मी काढून टाकलीये ते लक्षात आलं असेलच, ती फक्त पुरवणीतल्या फोटोखाली जल्लोष करताना सापडते.