बडोद्यातल्या मंडळाच्या सभेत ठरावाला विरोध कसा नोंदवायचा?

तुमचा प्रश्न असा: मंडळाचं वाचनालय बंद करून तिथे भाड्याचा हॉल करायचा, म्हणून घटनेतला उद्देशच बदलायचा ठराव येतोय. तुम्ही दहा-बारा जण विरोधात आहात, पण अध्यक्ष "सगळ्यांना मान्य ना?" विचारतात, टाळ्या पडतात आणि इतिवृत्तात "सर्वानुमते मंजूर" असं येतं.

आधी वर्गणीची पावती शोधा. मंडळ 1860 च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली असेल (बडोद्यात बहुधा असतंच), तर कलम 15 प्रमाणे तीन महिन्यांहून जास्त थकबाकीदाराला मत नाही. सभासद म्हणून तो मोजलाही जात नाही. विरोधकांचं पानिपत बरेचदा इथेच होतं.

आता कलम 12. उद्देश बदलायचा तर लेखी प्रस्ताव प्रत्येक सभासदाला विशेष सभेच्या 10 दिवस आधी द्यावा किंवा टपालाने पाठवावा लागतो. त्या सभेत तीन-पंचमांश सभासदांची मतं हवीत, प्रत्यक्ष किंवा प्रतिनिधीमार्फत. मग महिन्याच्या अंतराने दुसरी विशेष सभा, आणि तिथे हजर असलेल्यांपैकी तीन-पंचमांशांची संमती. म्हणजे वर्गणी भरलेले 200 सभासद असतील तर पहिल्या सभेला 120 मतं. हॉलमध्ये 45 डोकी असताना टाळ्या कितीही कडाडल्या तरी हा आकडा गाठला जात नाही. प्रतिनिधीपत्रं किती आली, हे मात्र चिटणिसांना विचाराच.

"मान्य ना?" हा प्रश्न येताच उभं राहा. भाषण नको. नाव, सभासद क्रमांक आणि एवढंच: "माझा विरोध आहे, मोजणी घ्या. बाजूने, विरोधात, तटस्थ, तिन्ही आकडे लिहा." हजेरीवहीत सही करताना वर ठरावाचा मजकूर आधीच लिहिलेला नाही ना, तेही पाहा, असला तर सहीशेजारी "ठरावास विरोध" लिहा.

त्याच आठवड्यात चिटणिसांना एक पानी विरोधपत्र द्या: सभेची तारीख, ठराव क्रमांक, तीन-चार कारणं, "इतिवृत्तासोबत जोडावे" अशी विनंती. दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्या, नाही दिली तर स्पीड पोस्ट करा. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या तावातावाला पोच नसते. हिशोबातले घोळ, जुनी भांडणं या पत्रात अजिबात नकोत. मग उत्तर त्या भांडणांनाच मिळतं आणि ठराव बाजूला राहतो. कारणं मात्र नीट लिहा. 1976 मध्ये सर्वोच्च न्यायालयात आणीबाणीतल्या अटकांच्या खटल्यात न्या. हंसराज खन्ना चार विरुद्ध एक असे एकटे पडले होते. 2017 मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो बहुमताचा निकाल रद्दबातल ठरवला. खन्नांनी कारणं लिहून ठेवली होती.

पुढच्या सभेचा पहिला विषय मागचं इतिवृत्त कायम करणं. लोक सेव-उसळीच्या वेळेला उगवतात, तुम्ही सुरुवातीलाच हजर राहा. "सर्वानुमते" वाचलं गेलं तर तिथेच दुरुस्ती मागा.

तरीही रेटलं, तर संस्था सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदलेली असल्यास धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीतला बदल 90 दिवसांत कळवावा लागतो. तिथे हरकत घ्या. सोबत पोच असलेली प्रत, 10 दिवसांच्या नोटिशीच्या पाकिटावरचा टपालाचा शिक्का आणि मतांचे आकडे जोडा. अर्ज गुजरातीत लिहिलात तर काम लवकर पुढे सरकतं.