सदुसष्टाव्या वर्षी वजनाचं ऑपरेशन करावं का?

प्रश्न : माझं वय ६७, उंची १५२ सेंटिमीटर, वजन १०८ किलो. पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे, इन्सुलिन घेते. गुडघ्यांसाठी रोज डायक्लोफिनॅकची गोळी लागते. डॉक्टरांनी बॅरिॲट्रिक सर्जरी सुचवली आहे. मुलगा म्हणतो, "या वयात पोट कशाला कापून घेतेस?" काय करू?

उत्तर : ताई, नुसत्या वयावरून तुम्हाला कुणी नाही म्हणणार नाही. २०२२ मध्ये या शस्त्रक्रियेचे आंतरराष्ट्रीय निकष सुधारले, त्यात वयाची वरची मर्यादा ठेवलेली नाही. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती याचा आकडा, ३५ च्या वर असेल तर सर्जरीचा विचार करावा असं ते सांगतात. तुमचा ४७ च्या आसपास येतो.

माझ्याकडे साठी ओलांडलेलं कुणी आलं की रिपोर्ट मी नंतर उघडते. आधी सांगते, हात छातीशी बांधा आणि पाच वेळा खुर्चीतून उठा. एका आजोबांनी दुसऱ्याच खेपेला टेबलाची कड धरली. त्यांचं ऑपरेशन मी तीन महिने थांबवलं. व्यायाम आणि प्रथिनांवर भर दिला, मग केलं. वजन उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही झडतात, आणि या वयात गेलेला स्नायू सहजी परत येत नाही. वजन कमी झालं पण पाय लटपटायला लागले, तर काय मिळवलं?

मुलाची काळजी खोटी नाही. आतल्या टाक्यांतून गळती होणं, पायात रक्ताची गुठळी होणं हे धोके आहेत, आणि तरुणांपेक्षा तुम्हाला थोडे जास्तच. म्हणून तर आम्ही त्याच दिवशी पेशंटला उठवून चालवतो. बाकी ऑपरेशन बहुतेकदा दुर्बिणीतून, चार-पाच छोट्या छिद्रांतून होतं.

तुमच्या पत्रात मला खटकली ती डायक्लोफिनॅक. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराचा छोटा भाग थेट आतड्याला जोडतात, आणि त्यानंतर अशा गोळ्यांनी त्या जोडावर अल्सर होऊ शकतो. सर्जनना ही गोळी आवर्जून सांगा. कदाचित ते स्लीव्ह हा दुसरा प्रकार सुचवतील, त्यात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढतात. इन्सुलिनचा डोस ऑपरेशननंतर लगेच कमी करावा लागतो, तो कोण बघणार हेही आधीच विचारून घ्या. बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या मात्र कायमच्या.

पुढच्या भेटीला मुलाला सोबत न्या. तोवर खुर्ची भिंतीला टेकवून, घरातलं कुणीतरी जवळ असताना, पाच वेळा उठून बघा. कितव्या खेपेला हात टेकावा लागला, ते डॉक्टरांना सांगा.